जळगावात राहून समुद्रकाठच्या जीवनाची जलरंगातली चित्रं शिकता येतील का?

नक्की येतील. तुम्ही लिहिलंय की अमेरिकन चित्रकार विन्स्लो होमरची समुद्राची जलरंगचित्रं पाहून वेड लागलंय, पण आपल्याकडे समुद्रच नाही. मी धुळ्याचा, जलरंगातच काम करतो, म्हणून सांगतो.

होमरच्या चित्रात आधी लाटा नका बघू, माणसं बघा. १८८१-८२ मध्ये तो इंग्लंडच्या कलरकोट्स या कोळ्यांच्या गावात राहिला. मासळीच्या टोपल्या वाहणाऱ्या, जाळी दुरुस्त करणाऱ्या, वाऱ्यात होड्यांची वाट पाहत उभ्या असलेल्या बायका त्याने तिथे रंगवल्या. पुष्कळदा समुद्र मागे थोडासाच असतो, वारा कळतो तो त्यांच्या फडफडणाऱ्या कपड्यांवरून. ओझ्याखाली पाठ कशी वाकते हे काढता आलं नाही, तर मागचा समुद्र नुसता निळा पट्टा राहतो. ही पाठ रावेर-यावलकडे केळीचे घड वाहणाऱ्या मजुरांत रोज दिसते. तापीवर जाळं टाकणारे भोई आहेतच. वही घेऊन तिथे बसा.

खरी अडचण आपल्या हवेची आहे. एप्रिल-मेमध्ये पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसला गेला की आकाशाचा वॉश, म्हणजे पाणी मिसळलेल्या रंगाचा पातळ थर, अर्ध्यात वाळतो आणि कडा पडते. किनाऱ्यावरच्या दमट हवेत तोच कागद बराच वेळ ओला राहतो. म्हणून ३०० जीएसएमचा (म्हणजे जाड) सुती कागद घ्या, दोन्ही बाजूंनी भिजवा आणि सकाळी लवकर काम करा. पावसाळा तर सोडूच नका, तेव्हाची हवा किनाऱ्याच्या सगळ्यात जवळची.

फेसासाठी पांढरा रंग शक्यतो वापरू नका. होमरच्या बहामा बेटांवरच्या चित्रांत उन्हात तळपणाऱ्या भिंती म्हणजे बऱ्याच ठिकाणी कोरा सोडलेला कागद आहे. बारीक चमक हवी तिथे होमर वाळलेला रंग खरवडून काढत असे. आपल्याला ब्लेड पुरतं. खरबरीत कागदावर जवळजवळ कोरडा ब्रश आडवा फिरवला तरी पाण्यावरचं ऊन छान उतरतं.

आणि एकदा सुरतला जाऊन या. भुसावळ-सुरत लाइनवर जळगाव, नंदुरबार दोन्ही येतात, त्यामुळे गाडी थेट मिळते. आपली तापी तिथेच समुद्राला मिळते. सुरतजवळच्या डुमसच्या किनाऱ्यावर पाणी निळं नाही, गढूळ, मातकट आहे. अल्ट्रामरीन या निळ्यात बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी रंग मिसळून येणारा करडा रंग तिथे उपयोगी पडेल. भरती-ओहोटीची वेळ बघूनच निघा, ओहोटीला पाणी फार लांब जातं.