शटडाउन केलं की पीसी परत चालू होतो? फॉरमॅट मारायच्या आधी हे बघा

तुम्ही लिहिलंय की विंडोज १० आहे, शटडाउन दिलं की स्क्रीन काळी होते, पंखे सेकंदभर थांबतात आणि पीसी परत सुरू, आणि रिपेअरवाला फॉरमॅट करू म्हणतोय. प्लीज लगेच करू नका, कारण यातली बरीच कारणं विंडोजच्या बाहेरची असतात, फॉरमॅट मारून ती जात नाहीत.

आधी एवढंच शोधा, पीसी बंद होता होता क्रॅश होतोय, की नीट बंद झाल्यावर त्याला कोणीतरी उठवतंय.

शिफ्ट दाबून धरा आणि मग शटडाउनवर क्लिक करा. विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप आलंय, त्यात साधं शटडाउन म्हणजे पूर्ण बंद नसतंच, कर्नल (विंडोजचा गाभा) हायबरनेट होऊन, म्हणजे आहे त्या स्थितीत, डिस्कवर साठवला जातो, शिफ्टने मात्र पूर्ण बंद होतं. तेवढ्याने पीसी बंद राहिला तर कंट्रोल पॅनलच्या पॉवर ऑप्शन्समधून फास्ट स्टार्टअपची टिक काढा, काम झालं.

नाही राहिला, तर इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजची नोंदवही) उघडा, विंडोज लॉग्जमध्ये सिस्टीम. त्या वेळेची कर्नल-पॉवर ४१ ही नोंद दिसली तर बंद होणं पूर्ण झालेलंच नाही, बहुतेक कुठलातरी ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारं सॉफ्टवेअर) आडवा येतोय. मग ॲडव्हान्स्ड सिस्टीम सेटिंग्जमध्ये स्टार्टअप अँड रिकव्हरीत ऑटोमॅटिकली रिस्टार्टची टिक काढा. ही टिक असली की क्रॅशची निळी स्क्रीन दिसायच्या आतच पीसी रिस्टार्ट होतो आणि आपल्याला वाटतं शटडाउन बिघडलंय.

४१ नसेल तर उठवणारा शोधायचा. बंद पीसीलाही एसएमपीएस (पीसीचा पॉवर सप्लाय) ५ व्होल्ट स्टँडबाय देत असतो, त्यावर लॅन (नेटवर्क) कार्ड, कीबोर्ड, माऊस जागे राहू शकतात. लॅनची वायर काढून शटडाउन करून बघा, मग यूएसबीची एकेक. लॅन निघालं तर बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये) वेक ऑन लॅन, म्हणजे नेटवर्कवरून पीसी उठवायची सोय, बंद करा.

आणि कॅबिनेटचं बटण विसरू नका! मावशीकडच्या पीसीला मी दोन संध्याकाळी घालवल्या, शेवटी साइड पॅनल काढून, पीसी चालू असतानाच मदरबोर्डवरची पॉवर एसडब्ल्यू लिहिलेली छोटी दोन पिनांची वायर हळूच उपसली, विंडोजमधून शटडाउन दिलं, आणि बंदच राहिला. बटण धुळीने आत अडकून बसलं होतं, दाबल्यावर पूर्ण वर येतच नव्हतं.

४१ निघतं का ते सांगा, निळी स्क्रीन आली तर तिचा फोटो टाका, त्यावरच्या स्टॉप कोडवरून (एररच्या नावावरून) पुढे बघू.