महिन्याला पाच-दहा पानं: इंकजेट की लेझर?

प्रश्न : घरी महिन्याला जेमतेम पाच-दहा पानं छापतो, बहुतेक काळी-पांढरी. इंकजेट दोन महिने पडून राहिला की रेघा येतात. आता लेझर घ्यावा का?

उत्तर : हो, काळा-पांढरा लेझर घ्या. इंकजेटची शाई पातळ असते. वापर नसला की ती हेडच्या, म्हणजे शाई फवारणाऱ्या भागाच्या, बारीक छिद्रांत सुकते आणि रेघा येतात. लेझरमध्ये शाईऐवजी टोनर असतो, ही कोरडी पूड. सहा महिन्यांनी बटण दाबलं तरी पान स्वच्छ येतं. मात्र पूड कागदावर वितळवणारा फ्यूजर सुमारे २०० अंशांपर्यंत तापतो आणि बरीच वीज खेचतो, म्हणून लेझर यूपीएसला जोडू नका. इंकजेटचा चकचकीत फोटो कागदही त्यात घालू नका. त्याचा थर वितळून फ्यूजरला चिकटतो आणि दुरुस्ती महागात पडते.

रंगीत फोटो वारंवार लागत असतील तरच इंकजेट ठेवा. मग आठवड्याला चारही रंगांचं एक पान काढा. प्रिंटर त्याच्याच बटणाने बंद करा, भिंतीवरच्या नाही. तेव्हाच हेड झाकणाखाली जाऊन बसतं. रेघा आल्या तर आधी प्रिंटरच्या मेनूतलं नॉझल चेक (छिद्रं तपासणारं पान), मग क्लीनिंग (हेडची सफाई), तेही लागोपाठ दोनदाच, कारण प्रत्येक वेळी शाई वाया जाते. फरक पडला नाही तर रात्रभर थांबून पुन्हा करा. हेड शाईच्या काडतुसातच (कार्ट्रिजमध्येच) असेल तर काम सोपं : काडतूस बदललं की छिद्रंही नवी मिळतात. शाईच्या टाकीवाल्या प्रिंटरमध्ये हेड बहुधा कायमचं असतं, त्यामुळे इतक्या कमी वापराला तो घेऊ नये.