अटी घालून घेणारा दिग्दर्शक : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

इंदूरमधील एका हौशी चित्रपट मंडळाने लार्स फॉन ट्रिअर या वादग्रस्त डॅनिश दिग्दर्शकाच्या चित्रपटांचे सिंहावलोकन योजल्यापासून या सदराकडे त्याच्याविषयी बरीच पत्रे आली. त्यांपैकी काही पत्रे थोडी संक्षिप्त करून उत्तरांसह देत आहोत.

प्रश्न : आमच्या मंडळाचे बहुतेक सभासद साठीच्या पुढचे असून मराठी नाटके आणि जुने हिंदी चित्रपट पाहत मोठे झालेले आहेत. तरुण सभासदांच्या आग्रहावरून या हिवाळ्यात दर रविवारी फॉन ट्रिअरचा एक चित्रपट दाखवायचे ठरले आहे. यादी पहिल्या चित्रपटापासून सालवार लावावी, की दुसरा काही क्रम योग्य ठरेल? काही चित्रपट वगळावेत काय? (एक कार्यकर्ते, राजेंद्रनगर, इंदूर)

उत्तर : सालवार लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. १९८४ चा ‘द एलिमेंट ऑफ क्राइम’ हा पहिला चित्रपट पिवळ्या-तांबूस उजेडात बुडालेला आणि कथेचा धागा मुद्दाम निसटू देणारा आहे. फ्रान्समधल्या कान येथील चित्रपट महोत्सवात त्याला तांत्रिक कामगिरीचे पारितोषिक मिळाले आणि ते रास्तच होते. पण पहिल्याच रविवारी तो लावलात तर दुसऱ्या रविवारी आपल्याला खुर्च्या मांडण्याचे कष्ट पडणार नाहीत.

या दिग्दर्शकाला समजून घ्यायचे तर त्याच्या खोड्यांकडे आधी न पाहता त्याने स्वतःला घालून घेतलेल्या अटींकडे पाहावे. तो १९५६ साली जन्मला आणि मुलांना जवळजवळ कसलीही शिस्त न लावणाऱ्या, मुक्त विचारांच्या घरात वाढला. घरात नियम नव्हते म्हणून ते आपले आपण करण्याची सवय त्याला लागली असावी, असे त्याच्या कामाकडे पाहून वाटते. प्रत्येक चित्रपटाआधी तो काहीतरी स्वतःला वर्ज्य करतो, आणि जे वर्ज्य केले त्याच्या अभावातून तो चित्रपट उभा राहतो.

म्हणून पहिल्या रविवारी ‘द फाइव्ह ऑब्स्ट्रक्शन्स’ हा २००३ चा माहितीपट दाखवावा, असे सुचवतो. यॉर्गन लेथ हा ट्रिअरला गुरुस्थानी असलेला ज्येष्ठ डॅनिश दिग्दर्शक. लेथने १९६७ साली केलेला ‘द परफेक्ट ह्यूमन’ हा छोटा चित्रपट ट्रिअर त्याला पुन्हा पुन्हा करायला लावतो आणि दर खेपेला नव्या अटी घालतो. पहिल्या खेपेची अट अशी की कोणताही तुकडा बारा चौकटींपेक्षा, म्हणजे साधारण अर्ध्या सेकंदापेक्षा, लांब असता कामा नये आणि चित्रीकरण क्यूबात व्हावे. दुसऱ्या खेपेला लेथने आपल्याला सर्वांत दुःखद वाटणाऱ्या ठिकाणी जायचे, पण ते ठिकाण पडद्यावर दाखवायचे नाही. लेथ मुंबईची फॉकलंड रोडवरची वेश्यावस्ती निवडतो. भर रस्त्यात टेबल मांडून, उंची पोशाखात, तो स्वतः सावकाश जेवतो, आणि त्याच्या मागे ताणलेल्या अर्धपारदर्शक पडद्यापलीकडे वस्तीतल्या बायका आणि मुले उभी राहून पाहत असतात. वस्ती पडद्याआडून का होईना दिसली, म्हणजे अट मोडली, म्हणून ट्रिअर त्याला पुन्हा मुंबईला जायला सांगतो. लेथ नकार देतो, तेव्हा ट्रिअर शिक्षा म्हणून त्याला कोणतीही अट नसलेला चित्रपट करायला फर्मावतो. ते ऐकून लेथचा चेहरा खरोखरच पडतो. मुंबईचा तो प्रसंग पाहताना भारतीय प्रेक्षकाला अस्वस्थ वाटल्यावाचून राहत नाही, कारण दोन युरोपीय कलावंतांच्या पैजेत त्या बायकांना कोणी काही विचारलेले नाही. ही अस्वस्थता चर्चेत जरूर मांडावी.

त्यानंतर ‘ब्रेकिंग द वेव्हज’ (१९९६), ‘डान्सर इन द डार्क’ (२०००), ‘डॉगव्हिल’ (२००३) आणि ‘मेलँकोलिया’ (२०११) या क्रमाने जावे. हे चार पाहून झाल्यावर ‘युरोपा’ (१९९१) दाखवला तर सुरुवातीच्या काळातला, प्रत्येक चौकटीवर हुकमत गाजवणारा तरुण ट्रिअर कळेल. त्यात मॅक्स फॉन सिडो या नटाचा आवाज प्रेक्षकाला एक ते दहा आकडे मोजून अक्षरशः संमोहित करू पाहतो. ‘अँटीख्राइस्ट’, ‘निम्फोमेनियॅक’ आणि ‘द हाऊस दॅट जॅक बिल्ट’ हे तिन्ही मंडळाच्या यादीतून वगळावेत. त्यांतली कामवासनेची आणि हिंसेची दृश्ये इतकी उघड आहेत की शेजारी व्याही बसलेले असताना ती पाहणे कोणालाच सुखाचे होणार नाही. शिवाय शेवटच्या चित्रपटात अटीची जागा केवळ डिवचण्याने घेतली आहे. खुनी नायक आपल्या खुनांना कला म्हणतो आणि दिग्दर्शक मधूनच स्वतःच्या जुन्या चित्रपटांचे तुकडे दाखवतो, यापलीकडे मला त्यात फारसे काही सापडले नाही.

सभासदांना हसवायचे असेल तर ‘द किंगडम’ या दूरदर्शन मालिकेचे १९९४ मधले भाग मिळवावेत. कोपनहेगनच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात भुते वावरतात. एक वयस्क बाई आजारपणाचे सोंग घेऊन तिथे दाखल होते आणि त्यांचा माग काढते, तर एक स्वीडिश डॉक्टर गच्चीवर जाऊन समस्त डॅनिश लोकांच्या नावाने खडे फोडतो.

प्रश्न : मी इंदुरात अनेक वर्षे हौशी रंगभूमीवर काम केले आहे. ‘डॉगव्हिल’मध्ये सेट नाही, जमिनीवर खडूच्या रेघा आहेत, याचे समीक्षकांना एवढे अप्रूप का वाटते? आपल्या लोकनाट्यात रंगमंचाला एक फेरी मारली की गाव बदलते. मग हे चित्रित केलेले नाटकच नव्हे काय? (एक रंगकर्मी, रामबाग, इंदूर)

उत्तर : आपली हरकत निम्मी बरोबर आहे. रिकाम्या रंगमंचावर गाव उभे करणे हा ट्रिअरचा शोध नाही, आणि या चित्रपटाचे बीजही नाटकातच आहे. जर्मन नाटककार ब्रेख्तच्या ‘थ्रीपेनी ऑपेरा’त जेनीचे एक गाणे आहे. लोकांची उष्टीखरकटी काढणारी मोलकरीण त्यात म्हणते की एक दिवस तोफा लावलेले जहाज बंदरात येईल, हे सगळे गाव उद्ध्वस्त करील आणि कोणाला मारायचे हे मला विचारील. ‘डॉगव्हिल’ची कल्पना त्या गाण्यावरून सुचली. पु. ल. देशपांडे यांनी ‘तीन पैशाचा तमाशा’ या नावाने मराठीत आणले ते हेच नाटक, तेव्हा आपल्या पिढीला हा मुलूख अगदीच परका नाही.

परंतु उरलेल्या निम्म्या भागाबद्दल मी असहमत आहे. स्वीडनमधल्या एका स्टुडिओच्या काळ्या जमिनीवर अमेरिकेतल्या डोंगरी गावाचा नकाशा पांढऱ्या रेघांनी काढलेला आहे. रस्त्याचे नाव रस्त्यावर लिहिले आहे, बोरांसारखी फळे येणाऱ्या झुडपांच्या जागी झुडपाचे नाव आहे, आणि कुत्रा म्हणजे नुसती बाह्यरेषा व त्याखाली लिहिलेला शब्द. नट हवेत मूठ फिरवून दार उघडतो आणि आपल्याला दाराची करकर ऐकू येते. पहिली दहा मिनिटे हा खेळ वाटतो, मग प्रेक्षकाची नजर सरावते आणि भिंती नाहीत हे तो विसरतो. नेमक्या त्याच वेळी ट्रिअर ती आठवण करून देतो. गावात आश्रयाला आलेल्या ग्रेसवर एका घरात बलात्कार होत असताना कॅमेरा मागे सरकतो आणि आपल्याला एकाच चौकटीत पुढे-मागे सगळे गाव दिसते. कोणी झाडतो आहे, कोणी गप्पा मारतो आहे, मुले खेळत आहेत, आणि मधे भिंत नसल्याने त्यांतला कोणीही मान वळवील तर त्याला सर्व काही दिसेल. कोणीही मान वळवत नाही. रंगभूमीवर कोणाकडे पाहायचे हे प्रेक्षक ठरवतो. इथे बरेचसे चित्रीकरण स्वतः कॅमेरा खांद्यावर घेऊन करणारा दिग्दर्शक तो पर्याय काढून घेतो आणि आपल्याला त्या बेपर्वा शेजाऱ्यांमध्ये नेऊन बसवतो. हे नाटकात साधणार नाही. निकोल किडमन, लॉरेन बकॉल यांच्यासारख्या नामांकित नट्या त्या रेघांमध्ये जणू जन्मभर राहिल्यासारख्या वावरतात, हेही रंगकर्मी म्हणून आपल्याला पाहण्यासारखे आहे. चित्रपट जवळजवळ तीन तासांचा आणि प्रकरणांत विभागलेला आहे. मध्यंतर पाचव्या किंवा सहाव्या प्रकरणानंतर घ्यावे.

प्रश्न : मी ‘ब्रेकिंग द वेव्हज’ आणि ‘डान्सर इन द डार्क’ लागोपाठ पाहिले आणि मला संताप आला. बाईने सोसायचे, सोसत मरायचे आणि पुरुष दिग्दर्शकाने त्याला संतपण म्हणायचे, यात नवे ते काय? आपल्याकडच्या रडक्या कौटुंबिक चित्रपटांना आपण हसतो, मग याला कला का म्हणायचे? (एक वाचक, लोकमान्यनगर, इंदूर)

उत्तर : आपला संताप मला अनाठायी वाटत नाही. या दोन चित्रपटांचे आणि त्यांच्यामधल्या ‘द इडियट्स’चे मूळ ट्रिअरने लहानपणी वाचलेल्या एका चित्रमय गोष्टीत आहे. त्या गोष्टीतली मुलगी रानात जाता जाता जवळचे सर्व काही देऊन टाकते आणि शेवटी अंगावर चिंधी नसतानाही आपले बरे चालले आहे असे म्हणते. अशा गोष्टीवर तीन चित्रपट रचणाऱ्याला आपला प्रश्न विचारायलाच हवा.

तरीही दोन्ही चित्रपटांना मी एका तागडीत घालणार नाही. ‘ब्रेकिंग द वेव्हज’मधली बेस ही स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरच्या एका कर्मठ गावातली तरुणी. तिचा नवरा समुद्रातल्या तेलविहिरीवर अपघात होऊन लुळा पडतो आणि परपुरुषांकडे जाऊन ते मला सांग, असे तिला म्हणतो. कथा म्हणून हे असह्य आहे. परंतु एमिली वॉटसन या नटीने आपल्या पहिल्याच चित्रपटात बेसला बिचारी होऊ दिलेले नाही. रिकाम्या चर्चमध्ये बसून बेस देवाशी बोलते आणि देवाची खडसावणारी उत्तरेही आवाज बदलून स्वतःच देते, त्या प्रसंगांत गावातल्या कोणत्याही धर्मोपदेशकापेक्षा तिच्यापाशी श्रद्धा अधिक आहे आणि हट्टही अधिक आहे. ती सोसते ते तिने स्वतः ठरवलेले असते. दिग्दर्शकाने तिच्यावर लादल्यासारखे ते वाटत नाही.

‘डान्सर इन द डार्क’मध्ये मात्र लादल्याचे जाणवते. दृष्टी जात चाललेली सेल्मा मुलाच्या डोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी पै-पै साठवते आणि कथानक तिची सुटकेची प्रत्येक वाट एकेक करून बंद करते, ती इतक्या उघडपणे की कुलपे लावणारा हात दिसतो. गाण्यांचे चित्रीकरण मात्र विलक्षण आहे. शंभराच्या आसपास लहान डिजिटल कॅमेरे जागच्या जागी ठेवून ते केलेले आहे, आणि कारखान्यातल्या यंत्रांच्या ठेक्यातूनच सेल्माचे गाणे सुरू होते. या चित्रपटाला कानचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले आणि सेल्माचे काम करणाऱ्या ब्यर्क या गायिकेला अभिनयाचेही. पुढे २०१७ साली ब्यर्कने एका डॅनिश दिग्दर्शकाने आपला लैंगिक छळ केल्याचे, नाव न घेता, जाहीरपणे लिहिले. ट्रिअरने आरोप नाकारला. पारितोषिकांच्या यादीने आपल्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही ते यामुळेच.

आपण आणखी एकच चित्रपट पाहणार असाल तर ‘मेलँकोलिया’ पाहावा. ट्रिअर स्वतः तीव्र नैराश्यातून गेला होता आणि तो अनुभव या चित्रपटात आहे. पहिल्या भागात स्वतःच्या लग्नाच्या मेजवानीत कोसळून पडणारी जस्टिन दुसऱ्या भागात, पृथ्वीवर ग्रह आदळणार हे कळल्यावर, घरातली सर्वांत स्थिर व्यक्ती ठरते, आणि कर्तबगार, व्यवहारी मेव्हणा सर्वांआधी पळ काढतो. इथे बाईच्या दुःखाला कोणी संतपण चिकटवलेले नाही.

प्रश्न : कानच्या महोत्सवातून त्याला हाकलले होते, ते कोणत्या चित्रपटामुळे? (एक वाचक, सुदामानगर, इंदूर)

उत्तर : चित्रपटामुळे नव्हे, तोंडामुळे. मे २०११ मध्ये ‘मेलँकोलिया’च्या पत्रकार परिषदेत, आपल्या जर्मन मुळांविषयीच्या प्रश्नाला उत्तर देताना, तो हिटलर आपल्याला समजू शकतो असे म्हणाला आणि थट्टेच्या भरात स्वतःला नाझी म्हणवून बसला. ज्याला तो वडील समजत होता ते ज्यू वंशाचे होते आणि खरे वडील दुसरे, जर्मन मुळांचे, असल्याचे आईने मृत्युशय्येवर सांगितले होते, ही पार्श्वभूमी त्या बोलण्यामागे होती. पण त्याने बोलणे क्षम्य ठरत नाही. दुसऱ्याच दिवशी महोत्सवाने त्याला अवांछित व्यक्ती ठरवले. चित्रपट स्पर्धेत राहिला आणि जस्टिनचे काम करणाऱ्या कर्स्टन डन्स्टला अभिनयाचे पारितोषिक मिळाले. २०१८ मध्ये त्याला स्पर्धेबाहेरच्या विभागात पुन्हा बोलावण्यात आले.

प्रश्न : आम्ही काही विद्यार्थी ‘डॉग्मे ९५’च्या नियमांनुसार रात्रीच्या सराफ्यावर मोबाइलने लघुपट करणार आहोत. मोबाइल चालेल का? मागे हलके सतारीचे संगीत टाकायचे आहे. शेवटी नायकाचा खून होतो. ‘एका तरुण दिग्दर्शकाचा पहिला चित्रपट’ असे माझ्या नावानिशी पोस्टर छापून घेतले आहे. (एक विद्यार्थी, इंदूर)

उत्तर : १९९५ च्या मार्चमध्ये पॅरिसला चित्रपटाच्या शताब्दीनिमित्त भरलेल्या परिषदेत ट्रिअरने लाल पत्रके उधळून हा जाहीरनामा मांडला. त्याने आणि टोमास विंटरबर्ग या तरुण दिग्दर्शकाने मिळून तो लिहिला होता आणि त्यात दहा नियम होते. चित्रीकरण प्रत्यक्ष जागीच व्हावे आणि बाहेरून सामान आणू नये, कॅमेरा हातात असावा, चित्र रंगीत असावे आणि खास प्रकाशयोजना करू नये, ही कलमे सराफ्यात आपोआप पाळली जातील. सोन्या-चांदीची दुकाने मिटल्यावर ओट्यांवर मांडलेल्या खाद्यपदार्थांच्या दुकानांचा उजेड मोबाइलला पुरेसा होतो. जिलेबीच्या कढईमागे उभे राहिलात तर वाफेतून येणारा पिवळा उजेड चेहऱ्यांवर फार चांगला पडेल.

मोबाइलला हरकत नसावी. नियमात पस्तीस मिलिमीटरची फिल्म लिहिलेली असली तरी विंटरबर्गचा ‘द सेलिब्रेशन’ आणि ट्रिअरचा ‘द इडियट्स’ हे १९९८ चे पहिले दोन्ही डॉग्मे चित्रपट साध्या डिजिटल व्हिडिओवर टिपून मग फिल्मवर उतरवले होते.

सतार मात्र चालणार नाही. आवाज आणि चित्र वेगवेगळे तयार करण्यास बंदी आहे, त्यामुळे संगीत हवेच असेल तर सतारिया त्या गर्दीत प्रत्यक्ष बसवावा लागेल आणि शेजारच्या गिऱ्हाइकांची हाकाटी त्याच ध्वनिमुद्रणात येईल. संवादही नंतर स्टुडिओत भरता येणार नाहीत. तेव्हा नटांना कढईच्या चरचरीवर आवाज चढवून बोलण्याची तालीम आधी द्यावी. खून आणि शस्त्रे यांना स्पष्ट मनाई आहे, म्हणून शेवट बदलावा लागेल. दिग्दर्शकाचे नाव श्रेयनामावलीत देण्यासही दहाव्या कलमाने मनाई आहे. पोस्टर श्रेयनामावलीत मोडत नाही अशी पळवाट आपल्याला काढता येईल, पण ‘एका तरुण दिग्दर्शकाचा’ ही ओळ तेवढी कागद चिकटवून झाकावी.