“ताई, मी तर नुसती सही केली होती”

तिने पर्समधून पाकीट काढून टेबलावर ठेवलं. ते फोडलेलंच नव्हतं. वर सहकारी संस्थांच्या सहायक निबंधक कार्यालयाचा शिक्का होता, आठ महिन्यांपूर्वीचा.

“हे आलं तेव्हा भाऊजी म्हणाले, वहिनी, तुम्ही काळजी करू नका, मी बघतो. मग कपाटात ठेवून दिलं.”

आता मुख्याध्यापकांच्या हाती वसुली अधिकाऱ्याचं पत्र पडलं होतं : पगारातून कपात करा. कपातीपेक्षा तिला जास्त लागलं होतं ते स्टाफरूममध्ये सगळ्यांना कळलं याचं. नवऱ्याला अजून काहीच माहीत नव्हतं.

गोष्ट नेहमीचीच. धाकट्या दिराने टेम्पोसाठी पतसंस्थेतून चार लाख काढले. पगारदार जामीनदार लागत होता, म्हणून हिची सही. दीड वर्ष हप्ते गेले, मग टेम्पो उभा राहिला आणि हप्तेही थांबले.

“पैसे त्यांनी घेतले, टेम्पो त्यांच्या दारात. आधी त्यांच्याकडून वसूल करा ना!”

हा प्रश्न माझ्याकडे इतक्यांदा येतो, आणि प्रत्येक वेळी उत्तर देताना मलाच वाईट वाटतं. १८७२च्या भारतीय करार कायद्याचं कलम १२८ सांगतं, की करारात वेगळं ठरलं नसेल तर कर्जदाराची जितकी जबाबदारी, तितकीच जामीनदाराची. आधी त्याला गाठा, मग तिच्याकडे या, असा क्रम कायद्यात नाही. आणि पगारदार माणूस वसुलीला सर्वांत सोपा.

पाकीट मी फोडलं. आत सुनावणीची नोटीस होती. त्या दिवशी ती सुनावणीला गेली असती तर हिशेब तपासून मागता आला असता, व्याजावर बोलता आलं असतं. गेली नाही, आणि सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुलीचा दाखला निघाला. आता त्याविरुद्ध पुनरीक्षण अर्ज, म्हणजे तो दाखला पुन्हा तपासा असा वरच्या अधिकाऱ्याकडे अर्ज, करायचा तर आधी निम्मी रक्कम भरा. लोक म्हणतात, “नोटीस घेतलीच नाही तर काय करणार?” हेच करणार.

मग तिने हळूच विचारलं, “मधे त्यांना मुदत वाढवून दिली होती, मला न विचारता. मग मी सुटत नाही?”

बाईंनी चांगला मुद्दा काढला होता. जामीनदाराच्या संमतीशिवाय कर्जदाराला मुदत वाढवून द्यायचं ठरवलं तर जामीनदार मोकळा होऊ शकतो. पण जामीनपत्राच्या दुसऱ्या पानावर बारीक अक्षरात ‘मुदतवाढीस माझी आधीच संमती आहे’ असं वाक्य होतं. खाली तिचीच सही, सुबक, शाळेच्या हजेरीपटावर करावी तशी. ती ते वाक्य दोनदा वाचून गप्प झाली.

तिसऱ्या पानावर मात्र आणखी एक सही होती, दिराच्या मित्राची.

“हे कोण?”

“तेही जामीन आहेत. पण त्यांच्याकडे कुणी जातच नाही.”

पतसंस्था कुणा एकाकडूनही सगळी रक्कम मागू शकते. पण जामीनदारांच्या आपसात, वेगळं ठरलं नसेल तर, भार समान. आपल्या वाट्यापेक्षा जास्त भरलं तर तो जादा भाग त्या मित्राकडून मागता येतो. भरलेली रक्कम दिराकडून वसूल करण्याचा हक्क तर आहेच. सगळं कर्ज फेडलं की टेम्पोवरच्या तारणाचा पतसंस्थेचा हक्कही तिच्याकडे येतो. दिरावर दावा करायची मुदत पैसे भरल्यापासून तीन वर्षं.

“भाऊजींवर केस? सासूबाई जिवंत आहेत हो.”

यावर कायद्यात उत्तर नाही. मी एवढंच म्हटलं, की केस करायची की नाही ते नंतर ठरवा, पण कागद आज करून घ्या. कपातीची नोंद असलेल्या पगारपावत्या जपा. वेगळं काही भरलंत तर पावतीवर ‘जामीनदार म्हणून भरणा’ असं लिहून घ्या. खातेउतारा मागा. आणि घरी नवऱ्याला सांगा, कारण हे दिराचं कर्ज आहे, तुमचं पाप नव्हे.

दोन आठवड्यांनी ती आली, नवरा बरोबर. त्याच्या हातात खातेउतारा होता आणि तो विचारत होता, “टेम्पो विकायला पतसंस्थेची परवानगी लागते ना? अर्ज कसा लिहायचा?”