मोठ्या संख्येशी पहिली ओळख

मोठ्या संख्यांचे गुणधर्म शोधायचा छंद लावून घ्यायचाय ना? मग सुरुवातीलाच वीस-पंचवीस आकडी संख्यांना हात घालू नकोस. एकच घे, ३८१६५४७२९०, आणि कागद-पेन्सिल घेऊन बस. ० ते ९ सगळे अंक एकेकदा आलेत. आता डावीकडून वाचत जा: ३८ ला २ ने भाग जातो, ३८१ ला ३ ने, ३८१६ ला ४ ने, असं थेट १० पर्यंत. सातची पायरी स्वतः कर. ३८१६५४७ भागिले ७, उत्तर ५४५२२१, बाकी शून्य! तो शून्य आपल्या हाताने आला की जो आनंद होतो, त्यासाठीच हा छंद.

मग 'का' विचार. शेवटी ० का? पाचवा अंक ५ च का? सम अंक सम जागीच का? एवढं उलगडलं की शक्यता भराभर गळतात. दहाही अंक एकेकदा वापरून अशी दुसरी संख्या बनत नाही.

नवखे हमखास इथे चुकतात:
- गुणधर्म पाठ करतात, पडताळत नाहीत.
- पंधराहून जास्त अंक स्प्रेडशीटमध्ये टाकतात. पुढचे अंक गुपचूप शून्य होतात आणि भलतंच उत्तर खरं वाटतं.

आणखी एक, ही गंमत दशमान पद्धतीतली आहे. संख्येचे मूळ अवयव मात्र कुठल्याही पद्धतीत तेच राहतात. मोठ्या मूळ संख्यांच्या कसोट्या नंतर बघू. अडलं तर केलेली आकडेमोड दाखव.