फोटोग्राफरने बिझनेस शिकायला काय करावं? 50 हजारांचा मास्टरक्लास की दूरस्थ एमबीए?

एमबीए सोडाच. तिथे दोनशे माणसांची कंपनी चालवायला शिकवतात. तुमच्याकडे मदतीला एक पोरगा, दोन कॅमेरा बॉडी आणि फोन न उचलणारा ड्रोनवाला असणार. उरला मास्टरक्लास. तसा एक मी केलाय, म्हणून लिहायला बसलो.

मी मिरजेत लग्नाची कामं करतो. 2022 च्या चातुर्मासात तारखा नव्हत्या, म्हणून मी आणि एक मित्र पुण्याच्या एका हॉटेलात दोन दिवसांच्या वर्कशॉपला गेलो. फी 38 हजार. सर म्हणाले, दर दुप्पट करा, स्वस्त विकलंत तर गिऱ्हाईकही तसंच येईल, ‘पॅकेज’ म्हणू नका, ‘अनुभव’ म्हणा. आम्ही टाळ्या वाजवल्या. घरी येऊन 80 हजारांचं काम मी दीड लाखाला लावलं. तुळशीची लग्नं झाली, सीझन सुरू झाला, आणि दर विचारून गेलेले सात जण परत फिरकलेच नाहीत. त्यातले तिघे तर जुन्या गिऱ्हाइकांच्या घरचे.

बायको पतसंस्थेत आहे. एका रात्री तिने विचारलं, “80 हजारांत तुला सुटतात किती?” मी ठोकून दिलं, निम्मे. तिने वही काढली. कँडिडवाला 10, व्हिडिओवाला 8, ड्रोन 6, दोन अल्बम 18, एडिटिंग 12, गाडी-जेवण 4. झाले 58 हजार. उरले 22. वर्षाला 24 लग्नं धरली तर 5 लाख 28 हजार. त्यातून दुकानभाडं महिना 9 हजार आणि पोराचा पगार 12 हजार वजा केला, की महिन्याला हातात 23. त्यात कॅमेऱ्याचा हप्ता 11 हजार. म्हणजे माझा आणि माझ्याकडच्या पोराचा पगार सारखाच निघाला. आणि मी त्याला दुकानात उशिरा आला म्हणून बोलत होतो!

दुसऱ्या दिवशी तिने भाचीचं अकरावीचं पुस्तपालनाचं पुस्तक आणून दिलं. त्यात घसाऱ्याचा, म्हणजे वापरून वस्तूची किंमत घटत जाते त्याचा, धडा आहे. माझ्या बॉडीचं शटर दीड लाख क्लिकांचं. लग्नाला चार हजार क्लिक पडतात, म्हणजे 37-38 लग्नांत, दीड वर्षात, तिचं आयुष्य कागदावर संपलं. हा खर्च मी कधी दरात धरलाच नव्हता. दर वाढवायचाच होता, पण दुप्पट नाही, 96 हजार. आणि का ते गिऱ्हाइकाला सांगता यायला हवं होतं. बालभारतीची ही पुस्तकं ऑनलाइन फुकट मिळतात.

मित्राचं आजही म्हणणं आहे की मी “माइंडसेट” बदलला नाही. तो आता स्वतःच मेंटॉर आहे, 9,999 रुपयांत. त्याच्या कोर्समध्ये करारनाम्यावर एक ओळ नाही. कॉपीराइट कायद्याचं कलम 17 सांगतं की पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोच्या कॉपीराइटचा पहिला मालक पैसे देणारा असतो, वेगळं ठरलं नसेल तर. हे मला कळलं ते एका नवरीच्या सासऱ्यांनी दुकानाच्या बोर्डावरचा फोटो उतरवायला लावला तेव्हा. बरोबर होतं त्यांचं. आता ऑर्डर फॉर्मवर त्याची ओळ असते आणि खाली सही.

तेव्हा आधी हिशेब, मग करार, मार्केटिंग सगळ्यात शेवटी. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, फुकट होते, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. बसून शिकायचंच असेल तर महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्राचे वर्ग बघा, नाहीतर गल्लीतला टॅलीचा, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा, क्लास लावा. मी लावला, बारावीच्या पोरींच्या मागच्या बाकावर बसून.

हां, हे सगळं लग्नवाल्यांसाठी. मुंबईत जाहिरातीचं किंवा प्रॉडक्टचं काम करत असाल तर वापराचे हक्क कसे विकायचे हे शिकवणारा माणूस 50 हजारांतही स्वस्त. आणि खोटं कशाला बोलू, त्या वर्कशॉपातून एक गोष्ट मिळाली: पैसे तीन टप्प्यांत घ्यायचे, शेवटचा हप्ता अल्बम छपाईला जाण्याआधी. तेव्हापासून माझी उधारी अडकलेली नाही.

कोणाकडेही पैसे भरण्याआधी त्यांना या सीझनला स्वतःच्या किती तारखा आहेत ते विचारा. मित्राला मी विचारलं, तर म्हणाला, “आता शूटला वेळच मिळत नाही रे.”