परभणीत जुन्या पीसीवर डिश अँटेनाचे टीव्ही चॅनेल रेकॉर्ड करायला लिनक्स रेकॉर्डर केलाय. रेकॉर्डिंग तुटतं, ट्यूनर (डिशचा सिग्नल पीसीत घेणारा यूएसबी डबा) मध्येच गायब होतो. पीसी बदलावा का?

नका बदलू. टीव्हीहेडएंड हा रेकॉर्डिंगचा प्रोग्राम चॅनेलचा आलेला डेटा जसाच्या तसा डिस्कवर उतरवतो. एका एसडी (साध्या दर्जाच्या) चॅनेलला सेकंदाला जेमतेम अर्धा एमबी लागतो. जुन्या पीसीला ते सहज झेपतं.

आधी ट्यूनरला मिळणारी वीज तपासा. आडव्या पोलरायझेशनचे (आडव्या लहरींवर येणारे) चॅनेलच तुटतायत का? त्यांच्यासाठी ट्यूनर एलएनबीला (डिशवरच्या सिग्नल पकडणाऱ्या भागाला) १८ व्होल्ट देतो, उभ्यांसाठी १३. ट्यूनरचा अडॅप्टर कमजोर असेल तर १८ वाले आधी पडतात. माझ्याकडे नांदेडला हेच झालं होतं, अडॅप्टर बदलल्यावर थांबलं.

कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) लॉगमध्ये, म्हणजे नोंदींमध्ये, 'यूएसबी डिस्कनेक्ट' दिसलं तर ट्यूनर हबमधून काढा, थेट मदरबोर्डच्या पोर्टात लावा. आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात ट्यूनरचा डबा पत्र्याखाली मुळीच ठेवू नका.